उघडता येणारा डबा

दहावी-बारावीचे निकाल लागल्यावर आणि दिवाळीच्या आधी मला काही फोन हमखास येतात. "पत्रकार, कॉम्प्युटर घ्यायचाय. कंपनीचा घेऊ की असेंबल करू?" पेपरात काम करणाऱ्याला सगळंच कळतं असा आपल्याकडे एक समज आहे, त्याचा हा प्रसाद. मी उलट विचारतो, "काम काय करणार त्याच्यावर?" पलीकडे शांतता. मग उत्तर येतं, "ते नंतर बघू हो, आधी चांगला कुठला ते सांगा."

आज त्या शांततेबद्दल लिहायचंय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

"कंपनीचा की असेंबल्ड" हा प्रश्न आपण स्वस्त-महागाचा धरून चालतो. मला तो तसा वाटत नाही. आपल्या कामाला लागेल तसं यंत्र जुळवून घ्यायची मुभा आपल्याला कधीतरी मिळाली. ती आपोआप मिळाली नव्हती आणि आता ती हळूहळू हातातून चाललीय. मराठीतली छपाई, तालुक्याची वर्तमानपत्रं, लग्नपत्रिका, दुकानदारांचे हिशेब हे सगळं त्या मुभेवर उभं राहिलं. म्हणून तिचा इतिहास माहीत असायला हवा.

सुरुवात मुंबईतून करू. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या लोकांनी १९५० च्या दशकात स्वतःच्या गणितासाठी स्वतःच एक कॉम्प्युटर बांधला. आर. नरसिंहन हे त्या गटाचे प्रमुख. १९६० मध्ये तो रीतसर चालू झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं, 'टिफ्रॅक'. त्याची स्मृती होती २०४८ शब्दांची. आज घड्याळात याहून कितीतरी जास्त असते. पण एक गोष्ट बघा, भारतात बांधलेला पहिला पूर्ण आकाराचा कॉम्प्युटर हा आपल्या गरजेप्रमाणे जुळवलेला होता. म्हणजे असेंबल्डला नाकं मुरडायचं आपल्याला तसं काही कारण नाही.

हे भाग्य संशोधकांचं. बाकी देशात कारखाने, विमा कंपन्या, सरकारी खाती यांना कॉम्प्युटर मिळायचा तो मुख्यतः आयबीएमकडून आणि तोही भाड्याने. बाहेरच्या देशांत वापरून झालेली १४०१ जातीची यंत्रं इथे डागडुजी करून दिली जायची. मालकी कंपनीची, दुरुस्ती कंपनीची, आत काय आहे ते कंपनीलाच ठाऊक. आपण भाडं भरायचं. त्याच काळात कॉम्प्युटर आला की नोकऱ्या जाणार या भीतीने कामगार संघटना रस्त्यावर होत्या. सरकारने स्वयंचलनावर समिती नेमली आणि अध्यक्ष केलं पुण्याच्या प्रा. वि. म. दांडेकरांना. १९७२ चा तो अहवाल. कॉम्प्युटर आणावा की नाही यावर एवढा खल झाला, पण आणला तर तो कुणाच्या ताब्यात असावा हा प्रश्न मागेच पडला.

तो प्रश्न वेगळ्या दाराने आला. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने, म्हणजे 'फेरा'ने, परदेशी कंपन्यांना भारतातला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला सांगितलं. आयबीएमने ते मान्य केलं नाही. जनता पक्षाचं सरकार होतं, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री. १९७८ मध्ये आयबीएम देशातून गेली. मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. आता गंमत अशी की ज्यांना आत हात घालायला मनाई होती, त्यांनाच ही यंत्रं उघडून चालू ठेवावी लागली. आपल्याकडच्या दुरुस्तीच्या हाताला वळण लागलं ते अशा नाइलाजातून.

आता जरा अमेरिकेत जाऊ, कारण खरी कळ तिथे आहे.

ऑगस्ट १९८१ मध्ये याच आयबीएमने आपला पहिला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आणला. घाई होती, बाजार दुसऱ्यांनी बळकावलेला. म्हणून डॉन एस्ट्रिज यांच्या गटाने सगळं घरी बनवत बसण्याऐवजी बाजारात मिळतात ते भाग घेतले. प्रोसेसर इंटेलचा, डॉस मायक्रोसॉफ्टची. आतल्या बोर्डावर पाच स्लॉट ठेवले, म्हणजे लांब खाचा. दुसऱ्या कुणी बनवलेलं कार्डही त्यात बसवता यावं म्हणून. आणि आतली जोडणी कशी आहे याचं तांत्रिक पुस्तक छापून विकायला ठेवलं.

फक्त एक गोष्ट आयबीएमच्या ताब्यात होती, बायोस. म्हणजे बटण दाबल्यावर मशीनला जाग आणणारा, चिपमध्ये बसवलेला छोटा प्रोग्रॅम. त्याच्यावर कॉपीराइट. १९८२ मध्ये निघालेल्या कॉम्पॅक कंपनीने यावर तोडगा काढला. एका गटाने हा प्रोग्रॅम काय काय करतो ते लिहून काढलं. दुसऱ्या गटाने मूळ प्रोग्रॅम डोळ्यांनीही न बघता, त्या वर्णनावरून नवा लिहिला. कायदेशीर आणि स्वच्छ. १९८४ मध्ये फिनिक्स नावाच्या कंपनीने असाच बायोस तयार करून मागेल त्याला विकायला सुरुवात केली. झालं, कुलूपच निघालं. तैवानमध्ये बोर्ड बनू लागले, कुठे कार्ड, कुठे डिस्क, आणि सगळं एकमेकांत बसायचं.

आयबीएमला हे लक्षात यायला उशीर झाला. १९८७ मध्ये तिने पीएस/२ ही नवी मालिका काढली. तिच्यातले स्लॉट वेगळे, वापरायचे तर परवाना घ्या, पैसे भरा. कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी १९८८ मध्ये एकत्र येऊन स्वतःचं वेगळं मानक जाहीर केलं आणि बाजार काही आयबीएमच्या मागे गेला नाही. डबा बंद करायचा पहिला मोठा प्रयत्न असा फसला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इकडे नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारने नवं कॉम्प्युटर धोरण आणलं. आयातशुल्क उतरलं, खासगी कंपन्यांना वाट मोकळी झाली. त्या काळातल्या बऱ्याच देशी 'ब्रँड'चं काम म्हणजे बाहेरून सुट्या भागांचा संच मागवायचा, स्क्रू आवळायचे आणि वर आपली पाटी लावायची. टीकाकार त्याला 'स्क्रू-ड्रायव्हर टेक्नॉलॉजी' म्हणायचे. म्हणजे कंपनीचा काय आणि असेंबल्ड काय, दोन्ही जुळवलेलेच. फरक पाटीचा आणि पावतीचा.

आणि मग मुंबईचा लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग. टॅक्सीने म्हणा, पायी म्हणा, कुणालाही विचारताना मात्र लॅमिंग्टनच. नाझ, मिनर्व्हा, अप्सरा अशा थिएटरांचा रस्ता आणि रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या मालाचा जुना बाजार. तिथेच मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क विकायला लागले. दिल्लीत नेहरू प्लेस, चेन्नईत रिची स्ट्रीट, बंगळुरूत एसपी रोड, पुण्यात तापकीर गल्ली, तसं हे. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातून लोक रात्रीच्या एसटीने जायचे, दिवसभर दुकानं पालथी घालायचे आणि मदरबोर्डचं खोकं मांडीवर घेऊन परत यायचे. मांडीवर, कारण टपावर टाकायची हिंमत नाही.

आता मुद्द्याचं. त्या रिकाम्या स्लॉटचा आपल्याला काय उपयोग झाला?

पीसीला फक्त इंग्रजी येत होतं. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांसाठी काम झालं, त्यातून 'जिस्ट' हे तंत्र आलं आणि १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाल्यावर ते काम तिथे आलं. जिस्टचं एक कार्ड असायचं. कॅबिनेट उघडायचं, रिकाम्या स्लॉटमध्ये कार्ड दाबून बसवायचं, की डॉसवर चालणाऱ्या नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी उमटायची. सी-डॅक म्हटलं की लोकांना 'परम' महासंगणक आणि विजय भटकर आठवतात, आणि ते बरोबरच आहे. पण तालुक्याच्या कचेरीत बसलेल्या टायपिस्टच्या आयुष्यात फरक पाडला तो त्या कार्डाने. तो डबा सीलबंद असता तर मराठीला अमेरिकेतल्या कुणाला तरी आपली आठवण येईपर्यंत थांबावं लागलं असतं. विंडोजमध्ये देवनागरी मुळातूनच मिळाली ती विंडोज २००० पासून. म्हणजे दहाएक वर्षं आपण त्या खाचेतून आत शिरून काम चालवलं.

पुढे विंडोज आलं, पेजमेकर आलं, सोबत श्रीलिपी, आयएसएम अशी मराठी फाँटची सॉफ्टवेअर आली. मी डिप्लोमा करून एका साप्ताहिकात लागलो तेव्हा हेच राज्य होतं. अशा सॉफ्टवेअरबरोबर एक डोंगल यायचं. काडेपेटीएवढी किल्ली, मशीनच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायची. ती नसेल तर मराठी बंद. ऑपरेटर संध्याकाळी घरी जाताना डोंगल कपाटात कुलूपबंद करून जायचा, सोनं ठेवावं तसं.

नंतर नव्या मदरबोर्डवरून तो जुना पोर्टच नाहीसा झाला. आता छापखानेवाल्याची पंचाईत बघा. त्याला नवा कोरा कंपनीचा कॉम्प्युटर फुकट दिला तरी उपयोग नाही, कारण डोंगल लावायला जागाच नाही. यूएसबीला जोडायची वायर मिळायची, तिच्यावर प्रिंटर चालायचा, डोंगल बहुतेक वेळा ओळखलं जायचं नाही. मग तो जाणार कुणाकडे? गावातल्या असेंबलवाल्याकडे. तो शोधून शोधून जुना पोर्ट असलेला बोर्ड आणणार किंवा स्लॉटमध्ये पोर्टचं वेगळं कार्ड बसवून देणार. "गरजेप्रमाणे कॉम्प्युटर" म्हणजे काय, हे मला कुठल्या जाहिरातीतून नाही, या छापखान्यांतून कळलं.

आमच्या गावात हे काम करणारे बहुतेक जण रेडिओ-टीव्ही दुरुस्तीतून आलेले. इंग्रजी बेताचं, हात मात्र पक्का. गिऱ्हाईक आलं की त्यांचे प्रश्न ठरलेले असायचे. काम काय? दिवसात किती तास चालणार? लाइट किती वेळा जाते? बसणार कोण? दोन वर्षांनी काय वाढणार?

उत्तराप्रमाणे मशीन बदलायचं. आडत दुकानाला टॅली चालवायची आणि डॉट मॅट्रिक्सवर पावत्या काढायच्या. तिथे प्रोसेसर साधा चालतो, पैसे यूपीएसवर घाला. फोटो स्टुडिओवाल्याला लग्नाचे अल्बम, त्याला रॅम भरपूर आणि डिस्क दोन, एक गेली तरी कुणाचं तरी लग्न वाचलं पाहिजे. डीटीपीवाला दिवसभर अक्षरांकडे बघणार, त्याचा मॉनिटर मोठा आणि चांगला. सायबर कॅफेला दहा मशीनं हवीत, सगळी एकसारखी, म्हणजे एकाचा भाग दुसऱ्याला लागतो. आणि भारनियमनाच्या वर्षांत, जेव्हा ग्रामीण महाराष्ट्रात तासन् तास वीज नसायची, तेव्हा सगळ्यांनाच एक सल्ला: एसएमपीएस चांगला घ्या. आतला वीजपुरवठा करणारा तो पत्र्याचा ठोकळा कुणाला दिसत नाही म्हणून सगळे तिथेच काटकसर करतात आणि व्होल्टेज खालीवर झालं की तोच बाकीच्यांना घेऊन जातो.

हे सगळं एका कागदावर यायचं, कोटेशन. एका ओळीत एक भाग, पुढे भाव. मला तो कागद फार आवडतो. रस्त्याच्या कामाचं अंदाजपत्रक माहितीच्या अधिकारात मागवल्यावर जे समाधान मिळतं तेच इथे. खडी किती, डांबर किती, दिसतं. जिथे पटत नाही तिथे बोट ठेवून विचारता येतं, "हे एवढं कशाला?" कंपनीच्या पत्रकावर एकच आकडा असतो. तो घ्या नाहीतर सोडा.

भावांचं म्हणाल तर कांदा बरा. १९९३ मध्ये जपानमधल्या निहामा इथल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. चिपवरच्या आवरणासाठी लागणाऱ्या रेझिनचा मोठा वाटा तिथून यायचा, जगभर रॅम भडकली. सप्टेंबर १९९९ मध्ये तैवानला भूकंप झाला, पुन्हा तेच. २०११ मध्ये थायलंडमध्ये पूर आला, हार्ड डिस्क महागल्या. लॅमिंग्टनचा दुकानदार सकाळी एक भाव सांगायचा आणि दुपारी दुसरा. लोकांना वाटायचं फसवतोय. कधी फसवतही असेल, पण बऱ्याचदा कारण समुद्रापलीकडे असायचं.

या धंद्याचं मी कौतुक करतोय म्हणून दुसरी बाजू झाकणार नाही. पक्की पावती मागितली की भाव वाढायचा. कर बुडायचा. विंडोज बहुतेक ठिकाणी चोरीचं, सीडीवर पेनने नाव लिहिलेलं. एके काळी प्रोसेसरवरचा छाप खोडून जास्त वेगाचा आकडा छापलेला मालही बाजारात फिरायचा. वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द, आणि दुकानदार गाव सोडून गेला की शब्दही गेला. ज्यांनी कंपनीचा घेतला त्यांच्याकडे त्यासाठी खरी कारणं होती.

शिवाय काळ बदलला. १९९६ मध्ये सिंगापूरला जागतिक व्यापार संघटनेत माहिती तंत्रज्ञानाचा करार झाला. भारत १९९७ मध्ये त्यात सामील झाला आणि २००५ पर्यंत कॉम्प्युटरवरचं आयातशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आलं. मोठ्या कंपन्यांचा माल स्वस्त झाला. मग लॅपटॉप आले, पाठोपाठ मोबाइल. असेंबलवाल्यांपैकी कुणी सीसीटीव्ही बसवू लागलं, कुणी मोबाइलच्या काचा बदलू लागलं.

इथपर्यंत हा बाजाराचा नियम म्हणून सोडून देता आलं असतं. पण १९८७ ची गोष्ट लक्षात ठेवा म्हटलं होतं ना, ती आता येतेय. डबा बंद करायचा प्रयत्न पुन्हा सुरू आहे आणि या वेळी तो यशस्वी होताना दिसतोय.

२०१२ मध्ये ॲपलच्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये रॅम बोर्डावर डाक देऊन पक्की केलेली आली. काढायची सोय नाही, वाढवायची सोय नाही. नंतर पातळ लॅपटॉपमध्ये ही पद्धत रुळली. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ जाहीर करताना टीपीएम २.० ची चिप आणि ठरावीक पिढीपुढचे प्रोसेसर अशी अट घातली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. शाळा-कचेऱ्यांत धडधाकट चालणारी मशीनं एका तारखेने म्हातारी ठरली. त्यात २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव पुन्हा चढले आणि मायक्रॉन या मोठ्या कंपनीने डिसेंबरमध्ये 'क्रुशिअल' हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. आजवर टंचाईत भाव चढायचा, आता छोट्या गिऱ्हाइकाला विकायचंच कशाला, असं झालंय.

आपल्या केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. चांगली गोष्ट आहे. पण आपल्या गावात काय चाललंय ते बघा. बातमीसाठी फिरताना शाळांच्या कॉम्प्युटर खोल्या मी बघतो. एका खोलीत सगळी मशीनं प्लॅस्टिकच्या आवरणाखाली. विचारलं, तर म्हणे वॉरंटी संपली, देखभालीचा करार संपला, आणि सील तोडायचा अधिकार कुणाला नाही. गावातला दुरुस्तीवाला दोनशे पावलांवर. बहुधा धूळ झाडून, रॅम काढून पुसून बसवली तरी निम्मी चालू होतील, असं त्याचं म्हणणं. त्याला बोलवायचं कुठल्या शीर्षाखाली, हे कुणाला माहीत नाही. आयबीएमच्या भाड्याच्या यंत्राला हात लावायला जशी मनाई होती तशीच ही. फरक एवढाच की आता यंत्र आपल्या मालकीचं आहे.

म्हणून घरासाठी घ्या की संस्थेसाठी, त्या जुन्या दुरुस्तीवाल्यांचे पाच प्रश्न आधी स्वतःला विचारा आणि उत्तरं कागदावर लिहा. कामाची यादी आधी, मशीनची नंतर. मग कोटेशन ओळीओळीने मागा, पक्क्या पावतीसह, प्रत्येक भागाच्या वॉरंटीसह. रॅम आणि डिस्क पुढे वाढवता येईल का, हे विचारा, मग ते मशीन कंपनीचं असो वा जुळवलेलं. एक-दोन रिकामे स्लॉट ठेवा. एसएमपीएसवर काटकसर नको. आणि जुनं मशीन भंगारात घालण्याआधी त्यात एसएसडी टाकून, हवं तर लिनक्स घालून बघा. टायपिंगला, हिशेबाला, पोरांच्या अभ्यासाला ते अजून काही वर्षं पुरेल.

आणि ग्रामपंचायत, शाळा, वाचनालय यांच्या खरेदीचा विषय निघेल तेव्हा ग्रामसभेत, शाळा व्यवस्थापन समितीत तीन गोष्टी विचारा. हे कुठल्या कामासाठी? बिघडल्यावर उघडणार कोण? त्याचे पैसे कुठल्या शीर्षातून? तिन्हीची उत्तरं खरेदीआधी इतिवृत्तात लिहून घ्या. वॉरंटी संपल्यावर मशीन उघडण्यासाठी गावातल्याच एका माणसाचं नाव ठरावात असलं, तर त्या प्लॅस्टिकखालची कितीतरी मशीनं आज चालू असती.

तुमच्या गावात अजून असा कुणी जुना असेंबलवाला असेल तर खाली त्याच्या कामाबद्दल लिहा. त्या लोकांचा इतिहास कुठल्या पुस्तकात नाही, निदान इथे तरी राहील.